एकट्याने पीटर्सबर्ग: आधी बॅलेचं तिकीट, मग शहर

रशियात बॅले बघायचा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहाचं नाव येतं. मी मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याला, आणि त्यातही एकट्याने जाणाऱ्याला, पीटर्सबर्गच सुचवते. बॅलेची शाळा इथे १७३८ साली निघाली. मार्सेलचा मारियुस पेतिपा १८४७ मध्ये इथे नर्तक म्हणून आला आणि त्याने पुढची पन्नासहून अधिक वर्षं याच शहरात नृत्यं बसवली. 'स्लीपिंग ब्यूटी' १८९० साली आणि 'नटक्रॅकर' १८९२ साली पहिल्यांदा रंगमंचावर आले ते इथल्याच मारिन्स्की नाट्यगृहात. आणि हे नाट्यगृह शहराच्या जुन्या भागात, कालव्याच्या काठावर आहे. दिवसभर भटकून संध्याकाळी पायी तिथे पोचता येतं.

लोक हर्मिटेज संग्रहालय, पीटरहॉफचा राजवाडा, चर्च अशी यादी आधी करतात आणि बॅले शेवटच्या संध्याकाळी 'जमलं तर' म्हणून ठेवतात. पहिल्या खेपेस मीही तेच केलं. मारिन्स्कीची तिकिटं संपलेली होती. एका दुकानातल्या बाईने आग्रहाने दुसरंच तिकीट दिलं, आणि मी एका परक्या सभागृहात, ध्वनिमुद्रित संगीतावर, डझनभर हंसिणींचं 'स्वान लेक' बघून परत आले. वाईट वाटलं ते पैशांचं नाही, इतक्या लांब येऊन ऑर्केस्ट्रा ऐकायचा राहिला याचं. म्हणून पुढचं सगळं उलट्या क्रमाने सांगते आहे.

पहिली पायरी: नाट्यगृहाच्या वेळापत्रकावरून तारीख ठरवा

मारिन्स्कीचा हंगाम साधारण शरद ऋतूत सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. ऑगस्टमध्ये मूळ नर्तकसंच बऱ्याचदा सुट्टीवर किंवा दौऱ्यावर असतो, आणि नेमकी तेव्हाच पर्यटकांसाठी 'स्वान लेक'ची रेलचेल असते. जाहिरातीवर नाट्यगृहाचं नाव मोठं असलं तरी तेवढ्यावर जाऊ नका. नाचणाऱ्या संचाचं नाव शोधा, आणि जिवंत ऑर्केस्ट्रा आहे का ते विचारा.

मे ते जुलै हा 'शुभ्र रात्रीं'चा, म्हणजे रात्रीही नीट अंधार न पडण्याचा काळ. तेव्हा मारिन्स्कीत १९९३ पासून मोठा महोत्सव भरतो. कार्यक्रम भरगच्च असतात, पण गर्दी आणि हॉटेलांचे दरही चढे असतात. डिसेंबरात 'नटक्रॅकर' असतो आणि त्यात बॅले शाळेतली मुलंही नाचतात. मात्र तेव्हा दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास. माझा कौल सप्टेंबर-ऑक्टोबरला: थंडी सोसवेल इतकीच, झाडं पिवळी झालेली, पीटरहॉफची कारंजी अजून चालू, आणि तिकीट मिळण्याची शक्यता बरी.

कार्यक्रमपत्रिकेला रशियनमध्ये 'अफीशा' म्हणतात. ती बघताना एक गोष्ट नीट तपासा. मारिन्स्कीच्या नावाखाली जुनी इमारत आहे, २०१३ साली उघडलेली नवी इमारत आहे आणि वेगळं कॉन्सर्ट हॉलही आहे. जुनी आणि नवी समोरासमोर आहेत, मधून क्र्युकोव कालवा जातो. कॉन्सर्ट हॉल तिथून थोडं चालत गेल्यावर लागतं. नव्या इमारतीत जवळजवळ कुठूनही स्वच्छ दिसतं. पण पहिलाच बॅले असेल तर १८६० सालच्या जुन्या इमारतीत, म्हणजे 'इस्तोरीचेस्काया स्त्सेना'वर असलेला निवडा. निळ्या-सोनेरी प्रेक्षागृहात झुंबरं मंदावतात तो क्षण नव्या इमारतीत मिळत नाही.

अफीशावर ओळखीची नावं ओळखीच्या रूपात नसतात. 'लेबेदिनोये ओझेरो' म्हणजे स्वान लेक, 'स्प्याश्चाया क्रासावित्सा' म्हणजे स्लीपिंग ब्यूटी, 'श्चेल्कुनचिक' म्हणजे नटक्रॅकर. 'बायाद्येर्का' दिसलं तर थांबा. त्याविषयी पुढे सांगते.

दुसरी पायरी: कागदपत्रं आणि पैसे

भारतीय नागरिकांना २०२३ पासून रशियाचा ई-व्हिसा मिळतो. त्यावर एकदाच प्रवेश असतो. व्हिसाची वैधता आणि प्रत्यक्ष राहण्याचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशी रशियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर ते वाचा. ई-व्हिसा ठरावीक सीमाठाण्यांवरच चालतो. पीटर्सबर्गचा पुल्कोवो विमानतळ त्यांत आहे. प्रवासविमा रशियात लागू असल्याचं त्यावर लिहिलेलं हवं. विमानतळावर मिळणारा स्थलांतर-कागद, म्हणजे 'मिग्रात्सिओन्नाया कार्ता', पासपोर्टातच ठेवा, कारण परत जाताना तो मागतात. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंदणी हॉटेल करतं. कुणाच्या घरी उतरत असाल तर नोंदणी कोण करणार हे आधीच विचारून घ्या.

आता पैशांचं. मार्च २०२२ पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. एटीएममध्येही नाही आणि नाट्यगृहाच्या संकेतस्थळावरही नाही. डॉलर किंवा युरो रोख न्या. नोटा कोऱ्या हव्यात. घडी, शाई, कोपऱ्याला फाटकं असं काही चालत नाही. बदलून बँकेतच घ्या, रस्त्यावर नको. सगळे पैसे एका जागी ठेवू नका. एकट्याने फिरताना आपलं पाकीट गेलं तर उसने द्यायला सोबत कुणी नसतं.

आणि युद्ध. फेब्रुवारी २०२२ पासून हा देश युक्रेनशी युद्धात आहे. शहराच्या मध्यभागी कॅफे भरलेले दिसतात, पण त्याचा परिणाम प्रवाशावर होतो. ड्रोनच्या भीतीने विमानतळ काही तास बंद ठेवायचे प्रसंग येतात. मोबाइलचं इंटरनेट आणि जीपीएस मधूनच बिघडतात. परदेशी माणसाला स्थानिक सिम मिळणं किचकट झालं आहे. म्हणून शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून घ्या, आणि पोचण्याचा दिवस व बॅलेचा दिवस यांत किमान दोन रात्रींचं अंतर ठेवा. सैनिक, पोलिस, पूल आणि रेल्वेची ठाणी यांचे फोटो काढू नका. युद्धाबद्दल समाजमाध्यमांवर तिथे बसून काही लिहू नका, तिथले कायदे कडक आहेत. नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना सैन्यात ओढल्याच्या घटना घडल्या आहेत आणि आपल्या सरकारने त्याबद्दल इशारेही दिले आहेत. वाचता न येणाऱ्या कुठल्याही कागदावर सही करू नका. निघण्यापूर्वी भारत सरकारच्या ताज्या सूचना वाचा. पीटर्सबर्गमध्ये आपली वाणिज्य वकिलात आहे, तिचा नंबर कागदावर ठेवा. हे सगळं वाचून मन मागे घेत असेल तर सहल पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही.

तिसरी पायरी: अक्षरं शिका

एका रविवारच्या दुपारचं हे काम आहे आणि त्याचा उपयोग सहलीच्या रोजच्या दिवशी होतो. रशियन लिपीतली काही अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि वेगळी वाजतात. 'पी'सारखं दिसणारं 'र' आहे, 'सी'सारखं 'स', 'एच'सारखं 'न', 'बी'सारखं 'व', 'वाय'सारखं 'उ' आणि 'एक्स'सारखं 'ख'. एवढी सहा पक्की झाली की 'पेक्टोपाह' असं वाटणारी पाटी 'रेस्तोरान' म्हणून वाचता येते. बाकीची अक्षरं मेट्रोच्या पाट्या वाचत वाचत येतात.

मराठी माणसाला आकडे तर घरचेच वाटतात: द्वा, त्री, चितीर्ये, प्यात, देस्यात. 'आग' म्हणजे 'अगोन', आपला अग्नीच. 'स्पासीबा' (आभार), 'पझालुस्ता' (कृपया), 'इझविनीत्ये' (माफ करा) हे तीन शब्द जिभेवर असू द्या. अनोळखी माणसाशी 'झ्द्रास्त्वुय्त्ये' म्हणा. 'प्रिव्येत' हे मित्रांसाठी, आपल्या 'काय रे'सारखं. काउंटरमागच्या आजींना ते म्हणू नये.

चौथी पायरी: विमानतळावरून शहरात

पुल्कोवोहून ३९ क्रमांकाची बस थेट 'मोस्कोव्स्काया' मेट्रो स्थानकावर सोडते. तिथे उतरल्यावर पहिल्यांदा गोंधळ होतो, कारण फलाटावर गाडी दिसतच नाही. दोन्ही बाजूंना भिंत आणि भिंतीत लोखंडी दारं. लिफ्टसमोर उभं राहावं तसं दारासमोर उभं राहायचं. आतून गाडी येते आणि दोन्ही दारं एकदम उघडतात. अशी स्थानकं या मार्गावर आणखी आहेत आणि डब्यातून त्यांची नावं दिसत नाहीत, म्हणून स्थानकं मोजा: मोस्कोव्स्कायाहून सहावं 'सेन्नाया प्लोश्चाद', सातवं 'नेव्स्की प्रॉस्पेक्ट'. शहर दलदलीवर वसलेलं असल्याने मेट्रो फार खोल आहे. 'अदमिरालतेयस्काया' स्थानक सुमारे ८६ मीटर खाली आहे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांची. मेट्रोसाठी 'पोदोरोझ्निक' नावाचं कार्ड स्थानकाच्या खिडकीवर रोख पैशांत मिळतं.

राहायला कुठे? सेन्नाया चौक, सेंट आयझॅक कॅथेड्रल आणि मारिन्स्कीसमोरचा थिएटर चौक यांच्या मधला भाग एकट्यासाठी उत्तम. रात्री दहा-साडेदहाला बॅले सुटल्यावर चालत घरी येता येतं. पैसे वाचवायला नदीपलीकडे वासिलेव्स्की बेटावर उतरत असाल तर एक लक्षात ठेवा. जहाजांच्या मोसमात, म्हणजे वसंतापासून शरदापर्यंत, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास नेव्हावरचे पूल उचलले जातात आणि पहाटेपर्यंत तसेच राहतात. त्या वेळी तुम्ही ज्या काठावर आहात त्याच काठावर अडकता.

पाचवी पायरी: पहिल्या सकाळी थेट तिकीट-खिडकीवर

सामान टाका, झोपा, आणि सकाळी दुसरं काहीही करण्याआधी थिएटर चौकात जा. खिडकीला 'कासा' म्हणतात. पासपोर्ट आणि रोख रूबल बरोबर असू द्या. एकट्या प्रवाशाचा मोठा फायदा इथे दिसतो. जोडीने बसायच्या जागा गेलेल्या असतात तेव्हाही मधली एखादी सुटी खुर्ची शिल्लक असते. खिडकीशी 'आदिन बिल्येत, पझालुस्ता' म्हणा आणि तारीख कागदावर लिहून दाखवा. हव्या त्या दिवसाचं नाही मिळालं तर दुसरी आणि तिसरी पसंती तयार ठेवा, तिथे उभं राहून विचार करू नका, मागे रांग असते.

जागा कोणती घ्यावी? तिकिटावरचे शब्द आधी समजून घ्या. 'पार्तेर' म्हणजे खालच्या खुर्च्या, 'बेनुआर' म्हणजे त्यांच्या कडेने असलेले कक्ष, 'बेलएताझ' त्यावरचा मजला, आणि त्याच्यावर पहिला, दुसरा, तिसरा 'यारुस'. 'र्याद' म्हणजे रांग, 'म्येस्ता' म्हणजे खुर्ची, 'प्रावाया' उजवी बाजू, 'ल्येवाया' डावी. सगळ्यात महाग पार्तेर. पुढच्या रांगांतून चेहरे आणि पाऊल टेकल्याचा आवाजसुद्धा कळतो, पण समोर उंच माणूस आला की संध्याकाळ गेली. कडेच्या कक्षांतल्या मागच्या खुर्च्या तर घेऊच नका. तिथून रंगमंचाचा अर्धा भाग कापला जातो, आणि हंसिणींची अर्धी रांग दिसणं म्हणजे अर्ध्या ओळीची कविता वाचणं.

मी तिसऱ्या यारुसवरची, मध्यभागाची पहिली रांग घेते. 'त्रेती यारुस, सेरेदिना' एवढं म्हणायचं. तिकीट पार्तेरच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. पेतिपाने समूहनृत्यं रेखली ती रांगोळीसारखी: कर्ण, वर्तुळं, एकमेकांतून आरपार जाणाऱ्या रांगा. रांगोळी वरूनच बघायची असते. चेहऱ्यांसाठी दुर्बीण भाड्याने मिळते.

सहावी पायरी: बॅलेपूर्वीचे दोन दिवस

सोमवारी हर्मिटेज बंद असतं, रशियन म्युझियम मंगळवारी. एवढं सांभाळून बाकी शहर हवं तसं बघा. हर्मिटेजला एक पूर्ण दिवस द्या आणि तो बॅलेच्या दिवशी देऊ नका. पाय आणि डोळे दोन्ही थकतात, आणि दुसऱ्या अंकात झोप लागते.

त्याऐवजी बॅलेचं शहर बघा, ते पायी होतं. नेव्स्की प्रॉस्पेक्टवरून अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहाच्या मागे जा. तिथला रोस्सी रस्ता २२० मीटर लांब, २२ मीटर रुंद, आणि दुतर्फा इमारतींची उंचीही २२ मीटर. याच रस्त्यावर ती १७३८ सालची शाळा आहे, आता वागानोवा अकादमी म्हणून ओळखली जाणारी. आत सोडत नाहीत, पण डोक्यावर घट्ट अंबाडा बांधलेल्या, पाय बाहेर वळवून चालणाऱ्या मुली दारातून येता-जाताना दिसतात. निजिन्स्की, बालानचिन, नुरेयेव, बारिश्निकोव ही बॅलेतली गाजलेली माणसं सगळी इथलीच. नर्तिका आना पावलोवाही इथलीच. ती भारतात नाचून गेली होती आणि मुंबईतही तिचे प्रयोग झाले. तिच्याशी झालेल्या ओळखीतूनच रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं लक्ष आपल्या नृत्याकडे वळलं. भरतनाट्यमच्या आजच्या इतिहासात या रस्त्यावरच्या शाळेचा एवढा वाटा आहे, हे आठवून मी त्या दारासमोर बराच वेळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी नेव्स्कीच्या पूर्व टोकाला, अलेक्सांद्र नेव्स्की मठाशेजारच्या तिख्विन दफनभूमीत जा. प्रवेशाला तिकीट आहे. 'स्वान लेक'चा संगीतकार त्चायकोव्स्की इथे आहे आणि पेतिपाही. 'स्वान लेक' १८७७ साली मॉस्कोत पहिल्यांदा झाला तेव्हा फारसा गाजला नाही. आज आपण बघतो तो घाट पेतिपा आणि लेव इवानोव यांनी १८९५ साली मारिन्स्कीत बसवला. त्चायकोव्स्की १८९३ मध्येच वारला होता. आपलं हंसांचं तळं असं उजळलेलं त्याने पाहिलंच नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवून त्या संध्याकाळी पहिले सूर ऐका.

खाण्याचं थोडक्यात. 'स्तोलोवाया' म्हणजे स्वतः वाढून घेण्याची खानावळ. बोट दाखवलं की काम होतं आणि एकट्याला अवघडल्यासारखं वाटत नाही. शाकाहारी असाल तर 'ब्येझ म्यासा' (मांसाशिवाय) म्हणा. पण सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, बोर्श्च तर हमखास. कुट्टूची 'ग्रेच्का', पनीरच्या गोड टिक्क्यांसारखे 'सिर्निकी', 'ब्लिनी' म्हणजे धिरडी, हे पोटभर होतं. जॉर्जियन उपाहारगृहात चीज भरलेली 'खाचापुरी' आणि राजम्याचं 'लोबियो' मिळतं. 'पोस्नोये' हा शब्द टिपून ठेवा. तो तिथल्या उपासाच्या पदार्थांचा, त्यात मांस, दूध, अंडं नसतं, मात्र कधीकधी मासे असतात. नळाचं पाणी पिऊ नका. बोल्शाया कोन्युशेन्नाया रस्त्यावर १९५८ पासून चालणाऱ्या दुकानात साखर भुरभुरवलेल्या गरम 'पिश्की' मिळतात. रांग लांब असते, पण पटकन सरकते.

सातवी पायरी: गोष्ट वाचून जा

बॅलेत कुणी बोलत नाही, तेव्हा गोष्ट माहीत असली की मन अडत नाही. खुणा मोजक्या आहेत. अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न. डोक्यावर हात गोल फिरवले म्हणजे 'नाच'. छातीशी हात म्हणजे प्रेम. वर केलेली दोन बोटं म्हणजे शपथ. मनगटं एकमेकांवर आडवी पडली म्हणजे मृत्यू. नायक-नायिकेच्या मोठ्या युगुलनृत्याचा क्रम ठरलेला असतो: आधी संथ जोडनृत्य, मग त्याचं एकट्याचं, मग तिचं एकटीचं, शेवटी दोघांचं वेगवान. विलंबितापासून द्रुतापर्यंत जाणाऱ्या कानाला हे चढणं आपोआप उमगतं.

'स्वान लेक'मध्ये पांढरी हंसीण ओदेत आणि काळी ओदील या दोन्ही भूमिका एकच नर्तिका नाचते. खरी परीक्षा काळीच्या ३२ गिरक्यांची, असं सगळे सांगतात. मला वाटतं, पांढरीचे हात बघावेत. खांद्यापासून बोटापर्यंत लहर कुठे सुरू झाली ते कळत नाही. मारिन्स्कीतल्या रूपात शेवट गोड होतो. नायिका मरते असं वाचून गेलात तर चकित व्हाल.

आता 'बायाद्येर्का'. मराठी प्रेक्षकाने संधी मिळाली तर हाच बघावा असं मला मनापासून वाटतं. पेतिपाने तो १८७७ साली याच शहरात बसवला, संगीत मिंकुसचं. गोष्ट भारतातली: देवळात नाचणारी निकिया, तिचा योद्धा सोलोर, गोवळकोंड्याचा राजा आणि त्याची मुलगी गमझात्ती. पेतिपाने भारत पाहिलेला नव्हता. त्यातले फकीर, पूजा, पोशाख बघून तुम्हाला खटकेल, आणि खटकावंच. पण नावाचा प्रवास बघा. 'बायादेर' हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज 'बायलादेरा'वरून आला, आणि पोर्तुगीज गोव्यातल्या देवळांत नाचणाऱ्या कलावंतिणींना हाच शब्द लावत. आपल्याच किनाऱ्याशी जोडलेला शब्द युरोपभर फिरून नेव्हाकाठी पोचला आहे.

आणि मग येतो तो 'छायांचा' प्रवेश. अंधाऱ्या रंगमंचाच्या मागच्या बाजूला उतार असतो. एक पांढरी आकृती येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मागे सरते, दोन पावलं पुढे येते. तिच्यामागे दुसरी, तीच हालचाल. तिसरी. चौथी. संगीत तेच, पाऊल तेच, आणि रांग नागमोडी वळणं घेत खाली उतरत राहते, रंगमंच भरेपर्यंत, सगळ्या एका श्वासात. भारताशी त्याचा संबंध उरलेला नसतो, आणि जप ऐकताना जे होतं तेच मनाचं होतं. तिसऱ्या यारुसवरून हा प्रवेश बघितला तेव्हा शेजारी ओळखीचं कुणी नव्हतं, याचं मला बरं वाटलं. कुणाशी काही बोलावं लागलं नाही.

आठवी पायरी: प्रत्यक्ष संध्याकाळ

प्रयोग बहुधा सातला सुरू होतो. 'स्वान लेक'ला मध्यंतरं धरून तीन तास लागतात, 'स्लीपिंग ब्यूटी'ला जवळजवळ चार. पाचला काहीतरी पोटभर खा आणि साडेसहाला दारात असा. मेट्रो नाट्यगृहापासून लांब आहे, सेन्नायाहून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. पण सेंट आयझॅकपासून मोइका नदीच्या काठाने किंवा ग्रिबोयेदोव कालव्याच्या वळणांनी सिंहांच्या पुलावरून आलात तर हे चालणं संध्याकाळचाच भाग होतं. हिवाळ्यात वेळ जास्त धरा. फुटपाथवर बर्फाचा गुळगुळीत थर असतो, आणि छपरांवरचे बर्फसुळे पडू शकतात म्हणून दोऱ्या लावलेल्या असतात, त्यांच्या आतून जाऊ नका.

कपडे? साडी नेसा, सलवार-कुडता घाला, साधा स्वच्छ शर्ट-पँट घाला, सगळं चालतं. फक्त तिथले लोक नटून येतात, तेव्हा भटकंतीचे मळके बूट नकोत. रशियन बायका पिशवीत नाजूक चपला आणतात आणि आत येऊन बर्फाचे बूट बदलतात. मीही आता तसंच करते.

दारात तपासणी होते. मग 'गार्देरोब': कोट तिथे ठेवायचाच, खांद्यावर टाकून आत जायची पद्धत नाही. बदल्यात क्रमांकाचा बिल्ला मिळतो, 'नोमेरोक', तो आतल्या खिशात ठेवा. दुर्बीणही इथेच घ्या. दुर्बीण परत करणाऱ्याला निघताना कोटाच्या रांगेत सहसा पुढे घेतात.

घंटा तीनदा होते. तिसऱ्या घंटेला जागेवर हवं, उशीर झाला तर तुमच्या खुर्चीपर्यंत जाऊ देतीलच असं नाही. बसलेल्यांसमोरून जाताना तोंड त्यांच्याकडे करून जातात, पाठ करून जाणं तिथे उद्धट समजतात. पडदा नीट बघा. तो १९१४ साली चित्रकार गोलोविनने आखला. फोन बंद. प्रयोग चालू असताना फोटो काढलात तर दारावरच्या आजी सगळ्यांसमोर बोलतील, आणि त्यांचं बरोबरच असतं. वेगळ्या एकल नृत्यानंतर टाळ्या वाजवल्या तर चालतं, मधेच नाच थांबून वंदनही होतं. शंका आली तर शेजाऱ्यांबरोबर वाजवा. फुलं द्यायची असली तर विषम संख्येत घ्या, सम संख्येची फुलं मृतांसाठी असतात. ती रंगमंचावर नेऊ नका, दारावरच्या माणसाकडे द्या.

मध्यंतरात एकट्या माणसाला हात कुठे ठेवावेत कळत नाही. लोकांकडे बघा. मोठ्या दालनात ते जोडीजोडीने, सावकाश, गोलाकार फेऱ्या मारत असतात. त्या फेरीत सामील व्हा. बुफेत माशाच्या अंड्यांचे पावाचे तुकडे आणि शॅम्पेन मिळते, चहा आणि केकही. रांग मोठी असेल तर सोडून द्या आणि खिडकीतून चौक बघा.

शेवटचा पडदा पडला की लगेच कोटाकडे धावू नका. नर्तक पुन्हा पुन्हा पडद्याबाहेर येतात, टाळ्या हळूहळू एका ठेक्यात पडू लागतात, आणि रशियन प्रेक्षक आवडत्या नर्तिकेला सहजासहजी सोडत नाहीत. ते संपेपर्यंत थांबा. मग बिल्ला द्या, कोट घ्या, बाहेर या. चौकात एकदम हजार-दीड हजार माणसं टॅक्सी शोधत असतात आणि दर चढलेले असतात. अ‍ॅपमध्ये रोख पैशांचा पर्याय निवडलेला आहे ना ते बघा, पण अजून मागवू नका. क्र्युकोव कालव्याच्या कडेने निकोल्स्की कॅथेड्रलपर्यंत जा, पाचच मिनिटांवर आहे, प्रेक्षागृहासारखंच निळं आणि सोनेरी. जूनमध्ये या वेळी आकाश अजून उजळ असतं, ऑक्टोबरात घंटाघराचं प्रतिबिंब कालव्याच्या काळ्या पाण्यात पडतं. पंधरा-वीस मिनिटांनी गर्दी ओसरते, टॅक्सीही स्वस्त होते. मेट्रोने जाणार असाल तर ती मध्यरात्रीपर्यंत चालू असते, सेन्नायापर्यंत चालायला वेळ ठेवा.

दुर्बीण परत केली आहे ना, एवढं मात्र चौक सोडण्याआधी बघा.